छातीपर्यंतचे अंतर

लटारू नान्हे सात वर्षे नागपूरच्या विभागीय पॉवरलिफ्टिंग स्पर्धेला गेला आणि पंच्याहत्तर किलो वजनगटात सातही वर्षे चौथा आला. माजरीच्या भूमिगत खाणीत तो टिंबर मिस्त्री होता. कोळसा काढलेल्या जागेत छताखाली लाकडी टेके उभे करणे हे त्याचे काम. टेका लावण्यापूर्वी सळईने छत ठोकून आवाज ऐकायचा आणि तो पोकळ आला तर पाऊल पुढे टाकायचे नाही, ही शिस्त चौदा वर्षांच्या नोकरीत त्याच्या स्वभावात मुरली होती. स्पर्धेतही तो सुरुवातीला हमखास उचलता येईल तेच वजन सांगे. त्यामुळे तो कधी बाद झाला नाही.

ब्रह्मपुरीकडच्या ढिवर कुटुंबात, तळ्यातून भिजलेली जाळी ओढत त्याचे बालपण गेले होते. पाठ आणि पाय यांत त्याला तोड नव्हती; स्पर्धेच्या तीन प्रकारांपैकी स्क्वॉट आणि डेडलिफ्ट, म्हणजे खांद्यावर वजन घेऊन बसून उठणे आणि जमिनीवरून वजन उचलणे, त्याला सोपे जाई. उणीव होती ती बेंचप्रेसमध्ये, म्हणजे बाकावर उताणे पडून छातीवरून वजन वर ढकलण्यात. तिथे तो शंभर किलोंवर अडला होता. तिसरा क्रमांक आणि त्यासोबत येणारी राज्य स्पर्धेच्या संघातली जागा त्याच्यापासून बरोबर पंधरा किलो दूर होती. १९८७ साली त्याने सदतिसावे वर्ष ओलांडले. पुढच्या वर्षी ताकद वाढेल, असे म्हणण्याचे वय आता राहिले नव्हते.

कॉलनीतली व्यायामशाळा चालवणारे बापूराव हे खाणीतले निवृत्त फिटर. आदल्या वर्षी नागपुरात त्यांनी एका खेळाडूच्या अंगात विचित्र सदरा पाहिला होता. त्याच्या बाह्या बाजूला नसून समोरच्या अंगाला जोडलेल्या होत्या. वजन खाली येताना छातीवरचे कापड ताणले जाई आणि गलोलीच्या रबरासारखा वर जोर देई. रबर नसलेल्या साध्या कापडाचा एकपदरी सदरा नियमात बसतो, हे त्यांनी पंचांना विचारून घेतले होते. तो बाजारात मात्र कुठेच मिळत नव्हता. स्पर्धेला सहा आठवडे उरले असताना ते लटारूला घेऊन अंजनाबाई रामटेके यांच्याकडे गेले.

अंजनाबाई बौद्ध विहाराच्या शिवणवर्गात शिकलेल्या. वीस वर्षे त्यांनी कॉलनीतल्या बायकांची झंपरे आणि शाळेचे गणवेश शिवले होते. बापूरावांनी कागदावर काढलेली आकृती त्यांनी बराच वेळ न्याहाळली.

"लटारूभाऊ, हे तं बिघडलेलं झंपर हाये," त्या म्हणाल्या. "असं शिवलं तं बाई माह्या तोंडावर फेकंन."

"मले तसंच पाह्यजे, बाई."

"हात खाली येऊ द्याचे नाई, असंच ना?"

"येऊ द्याचे, पण सहजासहजी नाई," बापूराव म्हणाले.

अंजनाबाईंनी जाड टेरिकॉटचे पँटचे कापड निवडले, छातीचे माप घेतले आणि त्यातून तीन इंच वजा केले. आयुष्यभर ज्या चुका टाळल्या, त्या या सदऱ्यात त्यांनी एकेक करून काळजीपूर्वक केल्या. शिलाई तेवढी तिहेरी घातली.

पहिल्या रविवारी तो अंगात चढवायला दोन माणसे आणि अर्धा डबा पावडर लागली. चढवल्यावर लटारूचे हात समोर ताठ उभे राहिले. त्याने शंभर किलोंची दांडी घेतली. ती छातीच्या चार बोटे वर येऊन थांबली. एकशे पाचला तीन बोटे उरली, एकशे दहाला दोन. नियम असा की दांडी छातीला टेकली पाहिजे, तिथे स्थिर राहिली पाहिजे आणि पंचाने टाळी वाजवल्यावरच वर गेली पाहिजे. पुढचे दोन आठवडे ती दोन बोटे काही कमी झाली नाहीत.

बापूरावांनी त्याला आडपडदा न ठेवता समजावले. सदरा घालून हलके वजन टेकणारच नाही. सुरुवातच जड वजनाने करावी लागेल, आणि एकदा सांगितलेले वजन पुढे कमी करता येत नाही. बेंचप्रेसचे तीनही प्रयत्न फुकट गेले तर बाकीच्या दोन प्रकारांतली मेहनतही वाया जाईल आणि तो स्पर्धेतून बाद होईल. सदरा न घालता शंभर उचलून चौथे येणे तेवढे त्याच्या हातचे होते.

लटारू सदरा घेऊन अंजनाबाईंकडे गेला.

"थोडा सैल करा, बाई. कापड दांडी खाली येऊच देऊन नाई राह्यलं."

"सैल केला तं मंग साधा कुडताच झाला. घालून दाखवा आधी."

"इथी कसा दाखवू? वजन लागते त्याले."

"तं मी येतो तिथी."

त्या व्यायामशाळेत तोवर कोणी बाई आली नव्हती. रविवारी दुपारी अंजनाबाई आल्या तेव्हा दोघातिघांनी घाईने बंड्या चढवल्या. त्या लटारूच्या डोक्याशी न थांबता बाकाच्या बाजूला, कापड दिसेल अशा उभ्या राहिल्या. एकशे दहा किलो खाली आले, दोन बोटांवर थांबले आणि वर गेले.

"पुन्हा करा," त्या म्हणाल्या.

त्याने पुन्हा केले.

"लटारूभाऊ, कापडाले बोल नोका लावू. छातीवर ही आडवी सुरकुती पाहा. कापड पुरतं ताणलं तं सुरकुती राह्यते का? त्याच्यात आणखी जागा हाये. तुम्हीच थांबून राह्यले."

बापूराव वाकून पाहू लागले. सुरकुती होती.

"मी काऊन थांबीन?" लटारूने विचारले.

"ते मी कसं सांगू? मले कापडाचं समजते."

लटारूने आणखी एकदा दांडी घेतली. दांडी छातीकडे येताना एका ठरावीक जागी आपले दंड आपोआप आवळतात, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. वरून काही खाली येऊ लागले की ते रोखायचे, एवढेच त्याच्या दंडांना चौदा वर्षे ठाऊक होते. आता त्याला वजन स्वतःहून खाली ओढायला शिकायचे होते. नंतरचे दोन आठवडे दांडी किती वर गेली हे कोणी पाहिले नाही. बापूराव बाजूला बसून सुरकुतीवर नजर ठेवत आणि "हाये", "हाये", "गेली" एवढेच बोलत. तिसऱ्या आठवड्याच्या बुधवारी एकशे पंधरा किलो छातीला टेकले. नंतर आणखी दोनदा टेकले. मग स्पर्धेपर्यंत विश्रांती.

नागपुरात पहिल्या प्रयत्नाचे वजन लिहून द्यायची वेळ आली तेव्हा बापूरावांनी चिठ्ठी त्याच्यापुढे सरकवली. "तू सांगशीन ते."

"पंधरा लिवा."

"शंभर नाई, एकशे पंधरा ना?"

"हो."

पहिल्या प्रयत्नात दांडी टेकली. पण टाळीची वाट न पाहता त्याने ती ढकलली. पंचांचे लाल दिवे लागले, प्रयत्न बाद. दुसऱ्या वेळी ती पोटाकडे सरकून आली आणि अर्ध्यावर अडली. सदरा मधे काढता येत नव्हता. लटारू हात पुढे केलेल्या अवस्थेत भिंतीशी उभा होता आणि बापूराव त्याच्या तोंडाला पाण्याचा गिलास लावत होते.

"काकाजी, बाईचा झंपर घालून आले का?" अकोल्याच्या एका पोराने विचारले.

"बाईनंच शिवला," लटारू म्हणाला. "तुले पाह्यजे तं पत्ता देतो."

मग तो बापूरावांना म्हणाला, "हात आवळून नाई राह्यले. टाळीचंच राह्यलं."

तिसऱ्या प्रयत्नाला त्याने दांडी सावकाश छातीवर आणली. ती टेकली, तो थांबला. टाळी वाजायला लागलेला वेळ त्याला फार लांब वाटला. नंतर दांडी वर गेली. मध्ये एका जागी ती रेंगाळली, मागे मात्र आली नाही. दोन दिवे पांढरे लागले, एक लाल. तेवढे पुरेसे होते. संध्याकाळी डेडलिफ्ट संपल्यावर यादीत त्याचे नाव तिसरे होते.

दुसऱ्या दिवशी तो सदरा घेऊन अंजनाबाईंच्या दारात गेला. त्यांनी तो उजेडाकडे धरला. काखेतल्या शिलाईजवळ कापडाची वीण फाकली होती.

"हा आता आणखी नाई टिकत," त्या म्हणाल्या. "राज्याची स्पर्धा कधी हाये?"

"दोन महिन्यानं."

"मंग दुसरा शिवा लागन. हे कापड उसवलंच हाये, तं माप सैल धरू का?"

लटारूने फाकलेल्या विणीवरून बोट फिरवले.

"नोको, बाई. अर्धा इंच आणखी कमी करा."

अंजनाबाईंनी टेप उचलला आणि त्याला हात वर करायला सांगितले.