दाजींची इंग्रजी बाई

इंग्रजी कादंबरीतलं माणूस मेलं म्हणून कंपनीत रजा टाकणारा कामगार मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. चाकणला मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत ते कित्येक वर्षांपासून तपासणी विभागात आहेत. म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तूत खोट काढायची आणि त्याचा पगार घ्यायचा, असं आमची ताई म्हणते. ही सवय कंपनीच्या गेटवर थांबत नाही. पुनावळ्याच्या त्यांच्या फ्लॅटला नवा दरवाजा बसवला तेव्हा सुताराला तीनदा यावं लागलं, कारण दाजींच्या मते दरवाजा एका केसानं तिरका होता. पाहुण्यांसाठी केलेल्या करंज्यांमधली एखादी बाकीच्यांपेक्षा लांब निघाली, तर ते ती हळूच उचलून बाजूला ठेवतात आणि नंतर स्वतः खातात. खराब माल बाहेर जाता कामा नये.

दाजी मूळचे परभणीकडचे. दहावीला इंग्रजीत जेमतेम पास, आणि त्यातलेही निम्मे मार्क तपासणाऱ्याच्या दयेचे, हे ते स्वतःच सांगतात. आयटीआय करून इकडे आले आणि पुढं इंग्रजीशी त्यांचा संबंध 'ओके' आणि 'रिजेक्ट' या दोन शिक्क्यांपुरता उरला. एकदा मात्र इंग्रजीवरून घरात चांगलंच वाजलं होतं. भाची बारावीला उत्तम मार्कांनी पास झाली आणि म्हणाली, मला इंग्रजी साहित्य घ्यायचंय. दाजींनी इंजिनिअरिंगचे फॉर्म आधीच आणून ठेवले होते. "गोष्टी वाचायला कॉलेज काहून लागतं? तुला कळत नाही त्यातलं. मी सांगतो ते कर," असं ते म्हणाले, आणि ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की शेजारच्यांनी टीव्ही बंद केला. पण भाची आईवर गेलेली. तिनं हवं तेच केलं. आकुर्डीत बी.ए. झाली आणि एम.ए.साठी थेट हैदराबादला गेली. तेव्हापासून बापलेकीचं फोनवरचं बोलणं 'जेवलीस का', 'हो', 'आईकडे द्या' एवढ्यात उरकायचं.

तर अशा दाजींनी एका रविवारी सकाळी शर्ट खोचून माझ्या घराची बेल वाजवली. मी आकुर्डीत एका कॉलेजात इंग्रजी शिकवतो, म्हणून ते मला मास्तर म्हणतात. प्राध्यापक म्हणा असं मी सुचवून पाहिलं होतं, त्यावर "ते लांब पडतं" असं उत्तर मिळालं होतं.

"मास्तर, मला इंग्रजी वाचायचंय."

"बोलायला शिकायचंय का?"

"बोलायचं कुणाशी हाय? वाचायचंय. जाड पुस्तक."

कारण विचारलं तर म्हणाले, कंपनीत आता सगळे मेल इंग्रजीत यायलेत. मेल वाचायला जाड पुस्तक लागत नाही, हे मी बोललो नाही. शिकणाऱ्यांसाठी सोप्या भाषेत लिहिलेलं एक चाळीस पानी पुस्तक काढून दिलं. तिसऱ्या दिवशी ते परत आलं. "मास्तर, यात सगळे एकमेकांना गुड मॉर्निंगच म्हणायलेत. कुणाचं काही बिघडतच नाही. मग मी पान उलटू कशाला?" इंग्रजी कसं शिकवावं यावरची बरीच व्याख्यानं मी खुर्चीत बसून ऐकली आहेत, इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

मग पुस्तक त्यांनीच शोधलं. भाची जाताना माळ्यावर एक खोकं ठेवून गेली होती, त्यातलं सगळ्यात जाड. गोष्ट अशी, की इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावात एक विधवा बाई खानावळ चालवते, वरच्या खोल्या भाड्यानं देते. तिच्याकडे एक शाळामास्तर राहायला येतो आणि काही महिन्यांनी तिला लग्नाचं विचारतो. बाईचा थोरला भाऊ मात्र तिच्या प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा. एवढंच कथानक, पण चारशे पानं. मी म्हटलं, दाजी, हे झेपायचं नाही. ते म्हणाले, "झेपत नाही हे पाचशे पीस तपासल्यावर ठरवायचं असतं."

वाचायची पद्धत त्यांची स्वतःची होती. पान संपेपर्यंत डिक्शनरीला हात लावायचा नाही. मध्येच लाइन थांबवली की सगळा माल अडकतो. पान संपल्यावर अडलेले शब्द मोजायचे. पाचपर्यंत असले तर पान पास. जास्त असले तर पुन्हा पहिल्या ओळीपासून. पहिलं पान पास व्हायला त्यांना नऊ दिवस लागले. उच्चारांच्या बाबतीत तर ते कुणाचंच ऐकत नसत. इंग्रजीत काही अक्षरं लिहायची पण बोलायची नाहीत, हे त्यांना लबाडीचं वाटे. 'नाइफ'ला ते खणखणीत 'क्नाइफ' म्हणत. मी दुरुस्त केलं तर म्हणाले, "लेखकानं क दिलाय. पार्टच्या ड्रॉइंगमध्ये असलेलं भोक मी कसं सोडू?"

वाचायची जागा कंपनीची बस. पहिल्या शिफ्टला सकाळी पुनावळ्याच्या पुलाखालून निघायची आणि चाकणचा ट्रॅफिक कृपाळू असल्यामुळे रोज तास-दीड तास सहज मिळायचा. सुरुवातीला लोक हसले. मग शेजारच्या सीटवरच्या कोकणातल्या वेल्डरनं कंटाळून विचारलं, काय चाललाय त्या पुस्तकात? दाजींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा विचारलं. महिन्याभरात मागच्या सीटवरचे पुढे सरकले. बाईनं शाळामास्तराला हो म्हणावं की नाही, यावर बसमध्ये सरळ दोन पक्ष पडले. "अहो, पण त्या मास्तराचा चुकला काय?" हा वेल्डरचा पक्ष. पेंटशॉपवाल्यांचं म्हणणं, मास्तर खानावळीवर डोळा ठेवून आहे. बसचा ड्रायव्हर मावळातला, जुन्या गावकीतला, तो आरशात बघून ओरडायचा, "दाजी, सिग्नल सुटू द्या, मंग सांगा! बाई व्हय म्हनली का न्हाई, तेवडं एक सांगा." एकदा दाजींचं पान पास झालं नव्हतं म्हणून त्यांनी पुढचं सांगायला नकार दिला. त्या दिवशी बसमधून उतरताना त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही.

आणि मग, वाचायला घेऊन दीड वर्ष होत आलं असताना, एका मंगळवारी सकाळी ताईचा घाबऱ्याघुबऱ्या आवाजात फोन आला. "ह्यांनी रजा टाकलीय. दाढी नाही, चहा नाही. कुणीतरी गेलंय म्हणतात, पण कोण ते सांगत नाहीत." मी लेक्चर सोडून पुनावळ्याला गेलो. दाजी बाल्कनीत बसले होते.

"दाजी, कोण गेलं?"

"बाई गेली."

"कोणती बाई?" हे मी विचारलं नाही, हे माझ्या मागून ताईनं विचारलं, आणि ज्या आवाजात विचारलं तो मी आमच्या वडिलांच्या जाण्यानंतर पहिल्यांदाच ऐकला.

"खानावळवाली," दाजी म्हणाले. ताई भिंतीला टेकली. आपल्या नवऱ्याची एक खानावळवाली आहे, ती आता वारली आहे आणि हा माणूस तिचं सुतक पाळतोय, एवढं सगळं तिनं त्या एका क्षणात पाहिलं. मी घाईघाईनं पुस्तकाकडे बोट दाखवलं. तिला समजायला थोडा वेळ लागला. मग ती इतकी हसली, आणि हसता हसता इतकी चिडली, की दाजींना अंघोळ करूनच जेवायचं फर्मान सुटलं. बाई थंडीत आजारी पडून गेली होती. शाळामास्तराला तिनं शेवटपर्यंत हो म्हटलं नव्हतं.

ताई आत गेली तशी दाजींनी पुस्तक माझ्या हातात दिलं. पान मागचं होतं, बाई जिवंत असतानाचं. त्या पानावर थोरला भाऊ जेवणाच्या टेबलावर बाईला सुनावतो: तुझ्या भल्याचं तुला कळत नाही, ते ठरवायला मी आहे. त्या ओळीशेजारी समासात पेन्सिलनं, भाचीच्या बारीक अक्षरात, एकच मराठी शब्द लिहिला होता. 'पप्पा.'

"मास्तर, हे हितं काहून लिहिलं असंल?"

मी इतकी वर्षं विद्यार्थ्यांना ओळींमधला अर्थ उलगडून सांगतो. त्या दिवशी म्हणालो, "सहज लिहिलं असेल. मुलं काहीही लिहितात."

"सहज नाही," दाजी म्हणाले. "महिना झाला मला हे पान सापडून. चार वेळा वाचलंय. ह्या पानावर मला एक पण शब्द अडला नाही."

मग त्यांनी कबूल केलं की मेलबिल काही नव्हतं. पोरगी एवढं सगळं सोडून कशाच्या मागं गेली, ते एकदा बघावं म्हणून खोकं उघडलं होतं.

त्यानंतरचं मला ताईनं सांगितलं. दाजींनी त्याच संध्याकाळी हैदराबादला फोन लावला. जेवलीस का, हे विचारलं नाही. एकदम म्हणाले, "त्या खानावळवाल्या बाईनं मास्तरला नाही काहून म्हटलं गं?" भाचीनं तो प्रश्न त्यांना दोनदा विचारायला लावला. मग भाचीनं विचारलं, "पप्पा, तुम्ही कुठपर्यंत वाचलंय?" ताईचा कुकर झाला, भाजी झाली, तिचं पानही वाढून झालं, तरी फोन चालूच होता.

दिवाळीत भाची आली. भाऊबीजेला मी ताईकडे गेलो तेव्हा दुपारची जेवणं झाली होती आणि बापलेक टेबलावर समोरासमोर बसून भांडत होते. पुस्तक मधे उघडं.

"भावानं भिववलं तिला," दाजी टेबलावर बोट आपटत म्हणत होते. "त्यानं जरा गप बसायला पायजे होतं. नुसतं गप. मग ती हो म्हटली असती."

"पप्पा, सगळं त्या भावामुळंच होत नसतं. तिला स्वतःचं डोकं होतं. तिला तिचं घर तिच्या नावानं चालवायचं होतं, म्हणून नाही म्हणाली."

"मग भाऊ चुकला नाही म्हणतीस?"

भाचीनं पुस्तक आपल्याकडे ओढलं. "चुकला," ती म्हणाली. "पण ती त्याच्यावर रागावून नव्हती बसली. तुम्ही ते पान घाईत वाचलंय."

"घाईत? मी?" दाजी खुर्चीतून अर्धे उठले. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर हा आरोप कुणी केला नव्हता.

ताई स्वयंपाकघराच्या दारात ओल्या हातांनी उभी होती. मला हळूच म्हणाली, "भांडायलेत का बोलायलेत रे?"

"बोलतायत," मी म्हटलं.

"मग चालू दे," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.

मी खुर्ची ओढून बसलो. एम.ए.च्या परीक्षेसाठी मीही ती कादंबरी वाचली होती, तीन दिवसांत, आणि त्या पेपरात मला वर्गात सगळ्यांत जास्त मार्क होते. दोन विद्वानांच्या मध्ये एखादा मुद्दा मांडावा म्हणून मी घसा खाकरला. दोघंही थांबले आणि माझ्याकडे बघू लागले. त्या बाईबद्दल मलाही तेव्हा काहीतरी फार वाटलं होतं, एवढं नक्की होतं. काय वाटलं होतं, ते मात्र काही केल्या आठवेना.

"तुमचं चालू द्या," मी म्हटलं, आणि ऐकत बसलो.