हद्दीबाहेरची पडवी

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मला आठवत बसावं लागत नाही. माझ्या वहिनीचे. थोरल्या भावाची ती बायको. ती आमच्या घरात आली तेव्हा मी तिसरीत होतो आणि आई जाऊन वर्ष होत आलं होतं. वडील मिठागरावर, दादा टेम्पोवर. माझ्या शाळेला घरात कुणाचा विरोध नव्हता, पण मी गेलो की नाही हे विचारणारंही कुणी नव्हतं. वहिनी स्वतः नववीपर्यंत शिकलेली. लग्नानंतर पंधरा दिवसांतच तिने माझं दप्तर जमिनीवर रिकामं केलं, एकेक वही उघडून पाहिली आणि म्हणाली, "हे अक्षर हाय का कोंबडी चाललेय? बस इथं."

इथं म्हणजे पडवीत. आमचं गाव पेणजवळच्या जोह्याच्या पलीकडे, भातखाचरं ओलांडली की लागतं. जोह्यासारखेच आमच्याकडेही गणपतीचे कारखाने आहेत. साच्यातून निघालेली मूर्ती खरबरीत असते, सांध्यांवर रेघा उमटलेल्या असतात. पॉलिश पेपरने ती घासून गुळगुळीत केल्याशिवाय तिच्यावर रंग बसत नाही. हे घासकाम बायका घरी नेऊन करतात. आमच्या पडवीत पन्नास-साठ पांढरे गणपती ओळीने मांडलेले असायचे आणि त्यांच्यामध्ये वहिनी. ती घासायची, मी मोठ्याने वाचायचो. मी चुकलो की हात न थांबवता ती फक्त "परत" म्हणायची. इंग्रजीतलं तिला फारसं कळत नसे, पण मी कुठे अडखळलो ते बरोबर कळे. तिसरीपासून पदवीच्या पहिल्या वर्षापर्यंत माझा बहुतेक अभ्यास त्या घासण्याच्या आवाजात झाला.

पेणच्या कॉलेजातून मी पदवीधर झालो. आमच्या घरातला पहिला. निकाल सांगितला तेव्हा वहिनी म्हणाली, "आजपासून तुमाला अहोजाहो. शिकलेल्या मानसाला एकेरी बोलायचं नाय." दोन दिवस तिने मला खरंच "भावजी, जेवायला या" केलं. तिसऱ्या दिवशी मी विहिरीवर बादली विसरून आलो आणि पुन्हा "तू" झालो.

रोह्याला एका केमिकल कंपनीत नोकरी लागली. सुरुवातीला शिफ्टमध्ये होतो, मग कामकाज सुधारणा विभागात घेतलं. विभागाचं काम सांगायला सोपं आहे. कारखान्यातलं एखादं काम कुठे अडतं, कुठे उगाच वेळ जातो ते शोधायचं आणि त्याची घडी नीट बसवून द्यायची. पहिल्याच प्रकल्पात मी तोंडावर पडलो. माल भरायला येणारे ट्रक उशिरा सुटतात, त्याची कारणं शोधायची होती. मी दहा पानं लिहिली. त्यात हायवेवर खांब गावाजवळ गाड्या कशा तुंबतात त्याचंही एक पान होतं.

साहेबांनी ते पान बाजूला काढलं. "खांबचा हायवे तुम्ही दुरुस्त करणार आहात का?"

"नाही सर."

"मग तो इथे कशाला? आधी हद्द आखा. काम कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, ते लिहा. आत काय, बाहेर काय, ते लिहा. जे आपल्या हातात नाही ते बाहेर. नाहीतर प्रकल्प आयुष्यभर चालतो."

मला ते पटलं. आजही पटतं. त्यानंतर हद्द आखण्यात माझा हात चांगला बसला.

आमच्या गावच्या एका कारखानदारांना दादाकडून हे कळलं. त्यांना आम्ही सगळे काकाच म्हणतो. त्यांची अडचण दर वर्षीची होती. रंगारी काही दिवस नुसते बसून राहायचे, कारण घासलेल्या मूर्ती आलेल्याच नसायच्या. मग एकदम ढिगाने यायच्या आणि शेवटच्या महिन्यात सगळ्यांची धावपळ व्हायची. "एवढं कंपनीचं करतोस, जरा आमचंही बघ," काका म्हणाले. मला फार बरं वाटलं. गावाच्या उपयोगी पडायची ती पहिलीच वेळ होती.

सात-आठ रविवार मी रोह्याहून येऊन कारखान्यात बसलो. कोणतं काम कधी सुरू होतं, कधी संपतं, मूर्ती कुठे किती थांबते, सगळं टिपलं. मग चार पानांचा आराखडा केला, मराठीत, म्हणजे काकांना स्वतः वाचता यावा. सुरुवात: साच्यातून मूर्ती निघते तिथे. शेवट: मूर्ती ट्रकमध्ये चढते तिथे. हद्दीबाहेर: कच्च्या मालाची खरेदी, दुकानदारांशी व्यवहार आणि घासकाम. घासकामापुढे कारणही लिहिलं होतं, "कारखान्याच्या आवारात होत नाही, बायकांच्या घरी होते." नकाशात मात्र ते दाखवणं भाग होतं, नाहीतर मूर्ती मध्येच नाहीशी झाली असती. म्हणून मी तुटक रेघांची एक चौकट काढली आणि आत लिहिलं: घासकाम, बाहेरून, तीन दिवस.

त्या चौकटीत आमची पडवी होती. हे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

आकडे मांडल्यावर दिसलं की तीनाचे दोन दिवस झाले तर रंगाऱ्यांना थांबावं लागणारच नाही. त्यासाठी साच्याचं काम ढिगाने न करता रोज ठरावीक मूर्ती काढायच्या, त्या रोज बायकांकडे जातील आणि रोज परत येतील. घासलेल्या मूर्ती घेऊन बायका कारखान्याच्या अंगणात आल्या होत्या, तेव्हा मी त्यांनाच विचारायचं ठरवलं. हातात वही होती, खिशाला पेन.

"आला गो तुझा सायेब!" आमच्या शेजारची वहिनीला म्हणाली. "घड्याळ लावून बसलाय. आता आपल्या भाकऱ्या पन मोजंल."

"मोज रे बाबा, मोज," दुसरी म्हणाली. "आनि तो कागद माझ्या सासूला दाखव. तिला वाटतं मी दिवसभर झोपा काढते."

सगळ्या हसल्या. मीही हसलो आणि विचारलं, "तीनऐवजी दोन दिवसांत होईल का?"

हसणं थांबलं. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. मग वहिनीच बोलली.

"व्हईल. लिही तू."

"नक्की ना?"

"सांगते ना तुला. दोन लिही."

मी दोन लिहिलं.

त्या हंगामात काकांच्या गाड्या वेळेवर सुटल्या. रंगारी एक दिवसही बसून राहिले नाहीत. काकांनी सगळ्यांसमोर मला शाल आणि नारळ दिला. वहिनी मागे बायकांमध्ये उभी होती. तिला बसायला सांगत होते, पण ती बसली नाही. कंपनीतही मी हा आराखडा दाखवला आणि साहेब नवीन मुलांना म्हणाले, "हद्द कशी आखायची ते यात बघा."

वहिनीला थोडा खोकला आधीपासून होता. धुळीचा खोकला आमच्याकडे सगळ्यांनाच असतो, त्याला कुणी आजार म्हणत नाही. त्या हंगामानंतर तो राहिलाच. मी रोह्याहून मास्कचा खोका नेऊन दिला. तिने एक दिवस लावला. "नाक दाबून धरल्यासारखं होतं रे," म्हणाली. पुढच्या हंगामात रस्त्यापासून घरापर्यंतचा चढ चढताना ती मध्येच दगडावर टेकायला लागली. पेणच्या डॉक्टरांनी सांगितलं, धूळ बंद करा आणि मोठ्या ठिकाणी नीट तपासणी करून घ्या. दादा सांगतो, डॉक्टरांकडून परत आल्यावर चहा घेऊन ती पडवीतच जाऊन बसली.

मी ऐकत होतो, काळजीही करत होतो. पण हे आणि माझी चार पानं यांचा काही संबंध असेल, असं माझ्या मनात आलं नव्हतं.

कंपनीत दर वर्षी आमची आरोग्य तपासणी होते. त्यात एक नळी देतात आणि तिच्यात जोरात फुंकायला लावतात. त्या वर्षी मी फुंकलं. डॉक्टर कागद बघून "छान" म्हणाले आणि लिहिता लिहिता विचारलं, "धुळीत काम करता?"

"नाही," मी म्हणालो आणि बाहेर आलो. पुढचा माणूस आत गेला. धुळीत काम वहिनी करत होती, आणि तिच्या कामाचे दिवस माझ्या कागदाने ठरवले होते.

दुपारच्या सुट्टीत मी आराखड्याची फाइल उघडली. दुसऱ्या पानावर माझ्याच अक्षरात एक ओळ होती: "दोन खेपांमधला रिकामा वेळ, वाया." हा वेळ मी मोठ्या कौतुकाने शोधून काढला होता आणि पूर्ण बंद केला होता. पूर्वी मूर्ती ढिगाने यायच्या, त्यामुळे मध्ये दोन-तीन दिवस पडवी रिकामी असायची. त्या दिवसांत वहिनी पडवी धुऊन काढायची, शेतावर जायची, कधी नागोठण्याला माहेरी राहून यायची. घरात धूळ नसायची, खोकला बसायचा. आता मूर्ती रोज येत होत्या. कारखान्यात वाया जाणारा म्हणून मी जो वेळ काढून टाकला होता, तो पडवीत तिचा श्वास घ्यायचा वेळ होता. माझ्या नकाशात तो दिसणं शक्यच नव्हतं, कारण पडवी हद्दीबाहेर होती.

त्या रविवारी गावी गेलो तेव्हा शेजारणीला विचारलं, "दोन दिवसांत जमतं का गो तुम्हाला सगळ्यांना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "जमतंय कुठं? आमचं उरलेलं तुझी वहिनी नेते नं घरी. आमी नको म्हनलं तरी आयकत नाय. म्हनते, माझ्या दिराचा कागद खोटा पडाया नको."

मी काकांकडे गेलो. दोनाचे पुन्हा तीन करा, म्हणालो. काका वाईट माणूस नाहीत. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं.

"तुझ्या वहिनीकडे उद्यापासून माल पाठवत नाही," ते म्हणाले. "पण तिच्या वाटणीचा दुसरीच्या घरी जाईलच ना? सगळ्या गाड्यांचे दिवस मी तुझ्या कागदावरून ठरवलेत. दोन मी नाही लिहिलं बाबा. तू लिहिलंस."

मी नवा आराखडा करून नेला. यात घासकाम हद्दीच्या आत आहे. कारखान्याच्या मागे उघडी शेड, धूळ बाहेर ओढणारे पंखे, तीन दिवसांची मुदत आणि आठवड्यातून एक दिवस मूर्ती पाठवायच्याच नाहीत. काका वाचतो म्हणाले. अजून वाचताहेत.

काकांनी माल थांबवला, पण वहिनी थांबली नाही. शेजारणींच्या मूर्ती आणून घासतच होती. फोनवर मी विषय काढला की ती विचारते, "जेवलास का?" पुन्हा काढला की म्हणते, "ठेवते रे, गॅसवर भात हाय." मधला खोकला ऐकू येऊ नये म्हणून फोन लांब धरते, तरी येतो. दादा म्हणाला, "माझं ती ऐकत नाही. तुझं ऐकेल." पण माझं ऐकूनच तर हे झालं होतं. म्हणून मी तिला पत्र लिहिलं आणि पोस्टाने पाठवलं. ते असं होतं:

वहिनी,

हा फोन नाही, त्यामुळे तुला मध्येच ठेवता येणार नाही. मी जेवलो आहे. आता सगळं वाच.

काकांच्या आराखड्यात मी दोन दिवस लिहिले ते चुकलं. तू हो म्हणालीस म्हणून चुकलं नाही. तुला विचारण्याआधीच मी तुला कागदाच्या बाहेर ठेवलं होतं, म्हणून चुकलं. लहानपणी मी चुकलो की तुला लगेच कळायचं. या वेळी तू का बोलली नाहीस, ते मला शेजारच्या वहिनीने सांगितलं. ऐकून मला कुठे तोंड लपवू असं झालं.

तो कागद खोटा पडू दे. पडला तर माझं काही जात नाही, नोकरीही जात नाही आणि मानही जात नाही. तुझ्या जिवावर तो खरा ठरला तर मात्र मला कुणाला तोंड दाखवता येणार नाही. शेजारणींच्या मूर्ती परत कर. पडवीत आहेत त्या तशाच, न घासलेल्या राहू देत. रविवारी मी आणि दादा त्या कारखान्यात पोचवू. काकांशी जे बोलायचं ते मी बोलेन, तू मध्ये पडू नकोस.

सोमवारी दादाबरोबर सकाळच्या गाडीने रोह्याला ये. वाटेत माहेरी म्हणून नागोठण्याला उतरू नकोस, परतताना उतर. पेणला काढलेला छातीचा फोटो आण, तो कपाटावर कॅलेंडरच्या मागे आहे. डॉक्टरांशी मी बोलून ठेवलं आहे.

तिथे तुझ्या हातात एक नळी देतील आणि जोरात फुंकायला सांगतील. मी बाहेर बसलेला असेन. तुझा स्वभाव मला माहीत आहे. मला बरं वाटावं म्हणून उगाच जोर लावू नकोस. जेवढं येईल तेवढंच फुंक, आणि जो आकडा येईल तोच त्यांना लिहू दे.

तुझा,
धाकटा दीर