कडक रबर
आज भंडाऱ्यात टायर बदलायला गेलो आणि नव्या रबराच्या उग्र वासाने मला लाखनीचं ते हायवेवरचं दुकान आठवलं. तिथला दुकानदार म्हणाला होता, "दादा, हे कडक रबर टिकते लय, पण चिखलपाण्यात पकडत नाही. घरची गाडी हाये, नरम घ्या." स्टुलावर बसलेल्या आईने विचारलं, "मंग ब्रेक लागन ना रे?" "तुले काय समजते त्याच्यातलं?" म्हणत मी टिकाऊच बसवून घेतले, घडीघडी टायर बदलायची कटकट मला नको होती. पुढे धानाच्या रोवणीच्या दिवसांत आईला मावशीकडे घेऊन निघालो. शेताच्या बांधीतून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांचा चिखल डांबरावर पसरला होता, वरून झिमझिम सुरू होती. समोरचा ट्रक थांबला. मी ब्रेक दाबला, चाकं थांबली, पण गाडी घसरत गेली आणि आईच्या बाजूने ट्रकवर आदळली. आई दवाखान्यापर्यंतही टिकली नाही. गाडी दुरुस्त झाली, पण वर्षभर मी ती अंगणातच उभी ठेवली. आज इथल्या मेकॅनिकने टायरच्या खाचेत नख घालून पाहिलं आणि हसून म्हणाला, "काहून बदलून राहिले, दादा? हे तर अजून लय वर्षं चालतीन."