अवरेकाई सोलताना

जयनगर तेव्हा नवंच वसत होतं. शेजारचे अण्णा भजनांना चाली लावायचे. नवी चाल सुचली की पेटी उचलून आमच्या ओट्यावर हजर. मी अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत असले तर फारच खूश.

“अक्का, वाहवा नको. सोलत राहा. गाणं आधी हातांना कळतं.”

हात थांबले, की मी भिडेखातर ऐकतेय असं धरून ते ती चाल मोडून टाकत. मला रागच यायचा.

एकदा गाणं संपलं आणि बघते तर टरफलं पातेल्यात, दाणे केरात! मी कपाळावर हात मारला.

“सरी, जमलं! ही चाल आता बदलायची नाही,” अण्णा हसले.

मग केरातले दाणे वेचायला स्वतःच बसले, तीच चाल गुणगुणत. आणि वेचलेले पुन्हा केरातच टाकू लागले.