आघाड्याचा वाफा

आमच्या डोंबिवलीच्या कॉलेजमागे बॉटनीची बाग होती. बाग म्हणजे काय, लॅबमागची अरुंद पट्टी, आणि वारा फिरला की कारखान्यांचा उग्र वास. ऐंशीच्या दशकात मी तिथे वनस्पतिशास्त्र शिकवायचे.

तेव्हा भोवतालची शेतं एकामागून एक भरावाखाली जात होती. जिथे बिल्डिंगचा पाया खणायला घेत, तिथे मी पोरांना घेऊन आधी पोचायचे आणि सापडेल ते मुळासकट उचलून आणून बागेतल्या एका वाफ्यात लावायचे. आघाडा, माका, रुई, धोत्रा, विष्णुक्रांता. शिकवायला ती लागतच, पण खरं सांगायचं तर मला राग यायचा. गाव पुसताय तर पुसा, निदान त्याची झाडं तरी एका जागी राहू देत.

मग विद्यापीठाची समिती पाहणीला येणार असं कळलं आणि प्राचार्यांना माझा वाफा खुपायला लागला.

"मॅडम, हे तण काढून टाका. क्रोटन लावू, रंगीत दिसतील."

"तण नाही सर, संग्रह आहे."

"तुमची नोकरी अजून पर्मनंट नाही, लक्षात आहे ना?"

होतं लक्षात. घरी सासूबाईही म्हणाल्या, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? मी म्हटलं, पाणी काय एकट्या माशाचं आहे? दुसऱ्या दिवशी माळी खुरपं घेऊन आला, तेव्हा मी वाफ्यात उभी राहून तिथेच तास घेतला. तो बिचारा थोडा वेळ ऐकत बसला आणि परत गेला.

आणि हरतालिकेच्या सकाळी फाटकाशी बायकांची रांग लागली. पूजेला पत्री हवी, आणि आजूबाजूला आघाडा उगवायला जागा उरली होती कुठे? माझ्या विद्यार्थिनींनीच घरी सांगितलं होतं. मी कोणाला न विचारता फाटक उघडलं. झाडाचं नाव सांगायचं, मगच खुडायचं, आणि मुळाला हात लावायचा नाही, एवढीच अट घातली. रांगेत परडी घेऊन प्राचार्यांच्या पत्नीही होत्या. प्राचार्य तावातावाने आले आणि त्यांना बघून थबकले.

"अहो, हे सगळं काढणार म्हणत होतात ना?" त्या म्हणाल्या. "मग महादेवाला काय, क्रोटन वाहू?"

बायका हसल्या. मी नाही हसले. नोकरी गेली तरी बेहत्तर, असं मला अगदी मनापासून वाटलं.

प्राचार्यांनी घसा खाकरला. "ठीक आहे, राहू दे. पण समिती यायच्या आत नावांच्या पाट्या तरी लावा."

"पाट्या पहिल्या दिवसापासून आहेत, सर," मी म्हटलं. "तुम्ही कधी वाफ्यापर्यंत आलाच नाहीत."