राम राम झाल्याशिवाय म्यूट नाही

माझं आयुष्य ‘म्यूट ऑल’ या एका बटणानं बदललं.

आज शेंडे सरांना जाऊन महिना झाला. महिनाभर मी काहीच पोस्ट केलं नाही. हिंमतच नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सर म्हणजे वैनगंगेकाठच्या कारध्याचे रिटायर्ड मास्तर. तलावांवर मासेमारी करणाऱ्या सोसायट्यांच्या सचिवांची ते दर महिन्याला ऑनलाइन कॉन्फरन्स घेत. एकोडीपासून बपेऱ्यापर्यंतचे लोक. कोणी तलावाच्या पाळीवरून जॉइन, कोणी पाण्यावर डोंग्यात बसून.

मी कॉलेज अर्ध्यात सोडून आलो तेव्हा घरी माझ्याशी कोणी बोलत नव्हतं. सरांनी लॅपटॉप पुढे सरकवला.

“हे लिंक-बिंक तू पाह्य. आजपासून तू को-होस्ट.”

“सर, या लोकायले कायले पाहिजे कॉन्फरन्स? हे का प्रोफेशनल होत?”

“काहून बे? डॉक्टर-वकीलच प्रोफेशनल राहतेत काय? एक साल तलाव सांभाळून दाखव.”

सरांचा नियम एकच. जो जॉइन झाला त्याचा राम राम सगळ्यांनी ऐकायचा. घरी कसं, तलावात पाणी किती, काल जाळ्यात काय लागलं. मग पुढचा. राम राम झाल्याशिवाय कोणाला म्यूट करायचं नाही.

पहिला अर्धा तास त्यातच जायचा. मागे कोंबडे आरवायचे. सरांना तर स्वतःचाच माइक बंद करता यायचा नाही. त्यांच्या कुकरची शिटी सगळे सचिव ऐकायचे.

मग प्राची आली. नागपूरची. मत्स्यबीजावर बोलायला.

आता लपवून काय उपयोग. तिचं सेशन ठरवायला मी सात फोन केले. काम दोन फोनचं होतं.

ती सहज म्हणाली होती, “अकराला सुरू करू ना?”

बस. मला अकरा म्हणजे अकरा करून दाखवायचे होते.

अकरा वाजले तेव्हा एकोडीचे लहानू काका बोलत होते. घरी नातीचं बारसं झालं होतं, ते सांगत होते.

मी म्यूट ऑल दाबलं.

काकांचे ओठ हलत राहिले. त्यांना कळलंच नाही.

मग कळलं. त्यांनी टोपी नीट केली आणि स्क्रीनवरचा त्यांचा चौकोन गेला.

त्यांच्यामागून दुसरा. तिसरा. प्राचीनं बोलायला सुरुवात केली तेव्हा सहा जण उरले होते.

संपल्यावर सर म्हणाले, “लहानूच्या घरी बसला असता, तर त्याच्या तोंडावर हात ठेवला असता काय तू?”

“सर, हे कॉन्फरन्स होय, भजन मंडळ नाही!”

“त्या पोरीले चांगलं वाटावं म्हणून म्हाताऱ्याले चूप केलं तू. जाय, एकोडीले जाऊन माफी माग.”

“नाही मागत. काय करता?”

दार असं आपटलं की कडी निखळून खाली पडली. कॉलेज सोडतानाही तिथलं दार असंच आपटलं होतं.

त्यानंतर दोन कॉन्फरन्स झाल्या. मी गेलो नाही. मग एका सकाळी सरांचं हार्ट बंद पडलं. वैनगंगेच्या घाटावर मी लांबच उभा राहिलो.

तेव्हापासून डोक्यात एकच. सर माझ्यावर चिडूनच गेले काय?

काल काकूंचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. “बेटा, उद्या सचिव लोकायनं सरसाठी मीटिंग ठेवली. तुयाशिवाय सुरू कोण करून देईन?”

आज गेलो. सरांच्या घरी, त्याच खोलीत. लॉगिन केलं.

माझं नाव तसंच होतं. को-होस्ट.

पण वाटलं, ज्या माणसाला माइक बंद करता येत नव्हता, त्याला नाव काढता आलं असतं थोडीच!

राम राम सुरू झाले. लहानू काकांचा चौकोन उघडला. त्यांनी तोंड उघडण्याआधी मीच बोललो.

“काका, त्या दिवशी तुमचा आवाज मी बंद केला होता. माफ करा.”

“तू? सर तर घरी आले होते. म्हने, माह्याच बोटानं दबलं.”

सर. त्या वयात. एसटीनं एकोडीला. माझ्या वाटची माफी मागायला.



काका हसले. “अबे, आमाले समजत नाही काय? ज्याले सोताचा कुकर चूप करता येत नाही, तो साऱ्यायले चूप करन?”

सगळे चौकोन हसायला लागले. शोकसभेत!

“आता माहा राम राम अर्धा राहिला, तो पुरा करू दे,” काका म्हणाले. आणि बारशाची गोष्ट जिथं तुटली होती तिथून पुढे सांगितली. नात आता पालथी पडते.

प्राची पण होती. आपला नंबर येईपर्यंत चाळीस मिनिटं थांबली. “राम राम,” म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं नाही.

सगळं संपल्यावर काकूंना विचारलंच. “काकू, सर रागात होते काय माह्यावर?”

“होते ना! मस्त शिव्या देत तुले.” काकू चहा गाळत होत्या. “अन् दर मीटिंगले मले आवाज देत. ‘पाह्य वं, पोट्ट्याचं नाव आहे ना तिथं? उडलं तर नाही?’ मी वाचून दाखवत होती. मंगच सुरू करत.”



बरं वाटलं. खरंच सांगतो, महिन्याभरानं बरं वाटलं.

मोठे शब्द मला जमत नाहीत. सर, त्या दिवशी तुमचा निरोप न घेता निघून गेलो होतो. माझाही एक राहिला होता.

राम राम, सर.

लॅपटॉप मिटला. चहा संपवला. बाहेर आलो.

निखळलेली कडी सरांनी तारेनं बांधून ठेवली होती.

दार ओढून घेतलं. हळूच.