कतीफच्या रस्त्यावरची शरणागती

आयुष्यात मी एकदाच सैन्यापुढे शरणागती पत्करली, आणि ते सैन्य आपल्याच बाजूचं होतं.

आखाती युद्ध नुकतंच थांबलं होतं. मी रियाधच्या एका हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ. युद्धाच्या रात्री मी काढल्या ऑपरेशन थिएटरात, आणि माझ्या बायकोने, नीलाने, खिडक्यांना चिकटपट्ट्या लावलेल्या खोलीत, आमच्या छोट्या मिनूला कुशीत घेऊन. सायरन थांबले, विमानं सुरू झाली आणि नीला म्हणाली, "मुंबईची दोन तिकिटं काढा. फक्त जायची."

"आणि मी?"

"तुम्हाला हॉस्पिटल आहे की!"

मी सुन्न झालो. (भूल देणाऱ्यालाच भूल चढलेली कुणी पाहिली नसेल!) ती माहेरी मिरजेला गेली की परत येत नाही, या भीतीने माझी झोप उडाली. शेवटचा उपाय म्हणून मी समुद्र काढला.

"जाण्याआधी दोन दिवस आखातावर जाऊ. खोबर, दम्माम, कतीफ! तिथे खारफुटीत रोहित पक्षी येतात म्हणे."

"समुद्रात तेल पसरलंय ना?"

"ते वर, खफजीकडे! आपण खालीच फिरणार."

खोबरला समुद्र होता, पण आमच्याआधी तिथे अमेरिकन सैन्य पोहोचलं होतं, आणि तेही आइस्क्रीमच्या रांगेत! वाळू उडून दशम्यांत शिरली. मिनू म्हणाली, "पप्पा, इट्स क्रंची!" नीलाने निळ्याशार पाण्याकडे बघितलं. मी आशेने तिच्याकडे बघितलं.

"छान आहे," ती म्हणाली. "तिकिटं काढलीत?"

दुसऱ्या दिवशी सगळी भिस्त कतीफच्या पक्ष्यांवर. वाटेत तपासणी नाका दिसला, तशी नीलाने विचारलं, "तुम्हाला येईल ना बोलायला?"

"अगं, रोज अरबीत बोलतो मी!"

हे अगदी खरं होतं. समोरचा लगेच बेशुद्ध पडतो, एवढंच सांगायचं राहिलं.

शिपाई खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "हात!"

मी दोन्ही हात वर केले.

"अहो..." नीला म्हणाली.

"हात वर कर! मिनू, तू पण!"

"पप्पा, व्हॉट आर वी प्लेइंग?" मिनूने आनंदाने हात वर केले.

शिपाई चक्रावला. तो आणखी जोरात ओरडला, "हात! हात!" मी हात थेट छताला टेकवले. त्या भरात पाय ब्रेकवरून सुटला, गाडी आपली आपण निघाली आणि रस्त्यातल्या रिकाम्या पिंपावर धाडकन आदळली! त्या आवाजासरशी नाक्यावरचे बाकीचे शिपाई वाळूत पालथे पडले. (युद्ध संपल्याचं त्यांना नक्की कुणी सांगितलं नसावं.) कशीबशी गाडी थांबवली, तोवर चार बंदुका माझ्याकडे वळल्या होत्या.

आता अरबी बोलायलाच हवं होतं. मी ओरडलो, "वेन अलम? इफ्तह फम्मक!"

म्हणजे, कुठे दुखतंय? तोंड उघड!

शिपायाने खरोखरच तोंड उघडलं.

तेवढ्यात नीलाने तिच्या बाजूची काच खाली केली आणि ती बोलू लागली. अरबीत! घडाघडा! शिपायाने काहीतरी विचारलं, तिने उत्तर दिलं. तो हसला. मग वाळूतले शिपाई कपडे झटकत उठले आणि तेही हसले. नीलाने माझ्या खिशातून इकामा, म्हणजे आमचा तिथे राहायचा परवाना, काढून त्याच्या हातावर ठेवला.

"अहो, 'हात' म्हणजे 'दे'! इकामा मागत होता तो."

"तुला कसं ठाऊक?"

"वरच्या मजल्यावरच्या उम्म खालिदनं शिकवलं. सायरन वाजला की ती पोरांना घेऊन आपल्याच खोलीत यायची. तुम्हाला काय वाटलं, मी रात्रभर रामरक्षा म्हणत बसायची?"

मला तसंच वाटलं होतं. ती एकटी नव्हती हे ऐकून फार बरं वाटलं, आणि हे आजवर विचारलं नाही म्हणून लाजही वाटली.

गाडी खारफुटीपाशी थांबवली. उथळ पाण्यात गुलाबी पक्षी माना खाली घालून मजेत चरत होते. मिनू त्यांना मोजायला धावली.

"तू त्याला एवढं काय सांगत होतीस?" मी विचारलं.

"त्यानं विचारलं, हे देशात नवीन आहेत का? म्हटलं, हो, मीच शिकवतेय यांना. वर्षभरात बोलायला लागतील."

"वर्षभरात?"

तिने मला नीट न्याहाळलं. "दोन लागतील."

"मग तिकिटं?"

"परतीचीही काढा. सुट्टीत आईला भेटून येऊ."

मी तिथेच, पाण्याच्या काठावर उभा राहून, मोठ्याने हसलो. पक्षी उडून गेले ते गेलेच!

तर नीला थांबली. माझ्यावरच्या प्रेमाखातर थांबली, असं मी सगळ्यांना सांगतो. नीलाचं म्हणणं वेगळं आहे: प्रेमबिम ठीक आहे, पण इतका ढ विद्यार्थी परदेशात एकटा सोडून जायला तिचा धीर झाला नाही.